केतकीचं शून्य

"वाच मोठ्यानं," मी म्हणाले.

केतकी गादीच्या कडेला बसली होती. मांडीवर बांगड्यांच्या खोक्याचं झाकण, झाकणावर कागद. शाळेनं तो चिकटवलेल्या पाकिटात घालून दिला होता. पाकीट मीच फोडलं.

"आक्का, हा मी एकटीनं भरायचाय. वर लिहिलंय तसं."

"माझ्या घरात एकटीनं फक्त आंघोळ करतात. वाच."

दुपारची वेळ होती. दहिवडीत उन्हाचं बांगड्या भरायला कोण येतंय? दुकानात आम्ही दोघी, आणि मागच्या दारात माझी सून मंदा तांदूळ निवडत बसलेली. पोरगा, म्हणजे केतकीचा बाप उल्हास, माल घेऊन जत्रेला गेलेला. आम्ही कासार. सासऱ्यांच्या वेळेपासून दुकान वेशीजवळ आहे, आणि गेली तीस वर्षं ते मी चालवते. माझं शिक्षण तिसरी. अक्षराला अक्षर लावून वाचते, सही करते. पण तालुक्यात कुणाला विचारा, हेंद्र्यांची आक्का म्हटलं की लोक आधी पदर सावरतात, मग बोलतात.

कागद कसला, तर पुण्याहून एक मॅडम शाळेत आल्या होत्या. आठवी ते दहावीच्या पोरींना मोबाइलमधल्या त्या व्हिडिओंचं, फोटोंचं, मेसेजचं किती वेड लागलंय, ते मोजायला. नऊ प्रश्न होते. उत्तर हो नाहीतर नाही. जितके हो, तितके मार्क. पाच किंवा जास्त आले की आईबापांना बोलावणं. सगळ्या पोरींनी वर्गात भरला. केतकी त्या दिवशी मामाच्या लग्नाला गेलेली, म्हणून तिचा घरी आला.

तिनं पहिला वाचला. मोबाइल सोडून दुसरं काही सुचत नाही, असं वर्षभरात वारंवार झालं का?

"नाही. पुढं."

कमी करायचं ठरवलं आणि जमलं नाही, असं झालं का?

"नाही."

किती वेळ बघता त्याबद्दल घरच्यांशी खोटं बोलता का? यावर मला हसू आलं. आमच्या घरात खोटं बोलायची कुणाची छाती आहे, म्हणलं. लिही नाही. तिनं लिहिलं. पोरगी पटापट खुणा करत होती, मान खाली. सहाव्याला पेन्सिल थांबली.

"मोठ्यानं."

"मोबाइलवरच्या एखाद्या गोष्टीवरून तुमचं कुणाशी बिनसलं, कुणी दुखावलं, असं झालं का?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आक्का, हा एक हो लिहू?"

"कुणाशी बिनसलं तुझं?"

ती पेन्सिलीचं टोक नखानं खरवडायला लागली.

"तुझ्यामुळं कोण दुखावणार गं? तुझ्या तोंडात मारली तरी तू बोलायची नाहीस. या घरात बोलायचं काम माझ्याकडं आहे. नाही लिही."

तिनं हो वर खूण करून टाकली होती. मीच तिच्या कंपासपेटीतून खोडरबर काढून दिलं. ती बराच वेळ खोडत बसली. मंदाचं सूप थांबलं होतं. मी तिकडं बघितलं, तशी पुन्हा वाजायला लागलं.

मी असं का केलं? तर बाहेरच्या माणसानं प्रश्न विचारला की घराचं उत्तर द्यायचं, आपलं नाही. हे मी पोळून शिकले होते. माझी थोरली लेक कुसुम हिला बघायला लोणंदचे पाहुणे आले होते. पोरगी पसंत पडली, बोलणी बस्त्यापर्यंत आली. जाता जाता त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, लहानपणी काही दुखणं? आमचे मालक भोळे. सांगून बसले, तीन वर्षांची असताना तापात एकदा झटका आला होता. एकदाच हो. त्या लोकांनी चहा संपवला आणि गेले ते गेलेच. पुढं चार वर्षं कुसुमला स्थळ नाही. कुठंही गेलं तरी झटका आमच्या आधी पोचलेला. मालक दोन वर्षांनी वारले, तेवढ्यात मी त्यांना हजारदा ऐकवलं असेल. तेव्हापासून परक्याच्या कागदावर घरचं दुखणं चढू द्यायचं नाही, हा माझा कायदा.

आठवडाभरात शाळेतून चार-पाच जणींच्या आयांना बोलावणं आलं. त्यातली एक पोतदारांची सरिता. ती दुकानात आली, तेव्हा आणखी तीन बायका बसलेल्या होत्या. मी तिचा हात धरला आणि म्हणलं, "काय गं, लेकीचा निकाल लागला म्हणे. किती पडले, सात? आमच्या केतकीला शून्य आहे. नऊपैकी शून्य." बायका हसल्या. सरितानं बांगड्या भरून घेतल्या, पैसे मोजून ठेवले आणि गेली. मला वाटलं, जिरली.

मग मी ते शून्य गावभर मिरवलं. किराणावाल्याला सांगितलं, दळणाला आलेल्या बायकांना सांगितलं.

आणि इकडं शून्यवाली पोरगी माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती. भाकरी अर्धी ठेवून उठायची. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला बघायची. मोबाइल ड्रेसच्या खिशात, नाहीतर हातात, जेवताना मांडीखाली. सहामाहीला गणितात नापास झाली. मंदा एकदा म्हणाली, "आक्का, तो कागद तिचा तिला भरू द्यायला हवा होता." मी म्हणलं, "तू आई आहेस ना? तुझं लक्ष असतं तर कागदाची वेळ आली असती का?" मंदा आत गेली. माझं बोलणं असं असायचं. समोरच्याला आत पाठवणारं.

मग त्या मॅडमच दुकानात आल्या. टिळेकर त्यांचं नाव. तिशीच्या आतल्या असतील, सुती ड्रेस, हातात घड्याळ, बांगडी एक नाही.

"आजी, केतकीच्या घरचं कुणी भेटेल का?"

"मी तुमची आजी कशी? तुमच्या आजीनं तुमच्या हातात दोन काकणं तरी घातली असती."

बाई हसल्या. गादीवर बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. दीडशेच्या वर पोरींनी कागद भरले. शून्य फक्त एकीला. ज्यांच्याकडं स्वतःचा मोबाइल नाही अशा पोरींनाही एक, दोन आलेत. मी स्वतः भरला तर मला तीन येतात, म्हणाल्या.

"मग तुम्ही आमच्या पोरीकडनं शिका."

"मला वाटतं, हा तिनं भरलेला नाही." त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. सहाव्या प्रश्नापाशी बोट ठेवलं. तिथं कागद खोडून खोडून इतका पातळ झाला होता की पलीकडचं बोट दिसत होतं. "तिला पुन्हा एकदा भरायला द्यायचाय. घरच्यांची परवानगी हवी. जास्त मार्क आले म्हणून आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. नुसतं कळतं, कुणाशी बोलायला हवं ते."

मी म्हणलं, आमच्या पोरीशी बोलायला आम्ही मेलेलो नाही. बांगड्या भरायच्या असतील तर हात पुढं करा, नसतील तर गिऱ्हाइकाची जागा सोडा. त्या उठल्या. जाताना मंदाला नमस्कार केला, मला नाही. तेही मी लक्षात ठेवलं.

पण पातळ झालेला कागद डोळ्यापुढून हलेना.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बांगडी चढवताना अंगठ्याच्या हाडापाशी अडते, तिथं कळ येते. ती कळ कळू नये म्हणून बाईला बोलतं करायचं असतं. हात आपल्या हातात, नजर बांगडीवर, आणि सहज एक प्रश्न सोडायचा. बाई बोलायला लागते. सासूचं बोलते, नवऱ्याचं बोलते, जे आईला सांगितलं नाही तेही बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेला सुट्टी होती, मी केतकीला जवळ बसवली. म्हणलं, ये, नवा माल आलाय, तुझ्या हातात कसा दिसतो बघू. तिचा हात घेतला. हाताला हाड लागलं. तिच्या मापाची बांगडी घातली तर न दाबता मनगटात जाऊन पडली.

"बाकी काय म्हणतेय शाळा?" मी नजर न उचलता विचारलं.

तिनं हात काढून घेतला. "आक्का, मी याच दुकानात मोठी झालेय. हा डाव मला ठाऊक आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणलं डाव तर डाव, आणि तिच्या मांडीखालचा मोबाइल ओढून घेतला. काचेच्या कपाटात टाकून कुलूप घातलं. ती उठून उभी राहिली. आधी हळू बोलली, दहा मिनिटं दे. मग म्हणाली, पाच दे. मी पानाला चुना लावत बसले. तिसऱ्यांदा तिनं मागितला नाही. कपाटाच्या मुठीला धरून दोन्ही हातांनी हिसडा दिला. कुलूप हललं नाही, पण वर रचलेली खोकी खाली आली. लग्नसराईसाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या. सगळ्या दुकानात काचा झाल्या.

आम्ही कासार लोक बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही, वाढली म्हणतो. त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "फोडल्यास ना सगळ्या?"

केतकी काचांच्या मधोमध उभी. मंदा धावत आली आणि तिला हलू नको म्हणाली. पोरगी रडत नव्हती. दम लागल्यासारखी बोलत होती.

"मी नाही बघितलं की ते परत वर येतं. रोज कुणीतरी परत टाकतं. मला काढायला लावायला लागतं."

"काय येतं वर?"

"तू."

मला काही समजेना. मंदानं माझ्या कमरेची किल्ली मागितली. मागितली म्हणजे हात पुढं केला, बोलली नाही. मी दिली. केतकीनं मोबाइल हातात घेतला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढं धरला.

त्यात मी होते. याच गादीवर, निळं लुगडं, तोंडात पान. केतकी अधूनमधून दुकानात मोबाइल उभा धरायची ते मी बघत होते. मला वाटायचं बापाला माल दाखवायला फोटो काढते. समोर शालन बसली होती, कुंभारवाड्यातली. तिचा नवरा त्याच वर्षी गेलेला. लेक प्रणिता केतकीच्या वर्गात. लेकीच्या हातात बांगड्या भरून झाल्या, आणि शालननं हळूच स्वतःचा हात पुढं केला. म्हणाली, आक्का, मलाही दोन हिरव्या घाला. त्यावर मोबाइलमधली मी म्हणाले, "नवरा वर गेला, आता हिरव्या कुणाला दाखवायच्यात गं? यमाला?"

बायका हसल्या. मीही हसले, पान सावरत. शालनचा हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला, मग तिनं तो पदराखाली घेतला. कुणीतरी वर हसण्याचा आवाज आणि गाणं जोडलं होतं.

मला ते बोललेलं आठवतच नव्हतं. डोक्याला ताण दिला. शालन आली होती ते आठवलं, प्रणिताचं माप आठवलं. बोललेलं आठवलं नाही. असं मी दिवसातून किती बोलत असेन, त्यातलं एक.

केतकीनं सांगितलं ते असं. माझ्या दुकानातल्या बोलण्याचे तुकडे ती मोबाइलवर टाकायची. लोकांना आवडायचे. चौदा हजार माणसं म्हणे मला बघायची, हसायची, आमच्या गावाकडंही अशीच एक आहे म्हणायची. हाही त्यातलाच म्हणून तिनं टाकला. दोन दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला, आणि हसायचे थांबले. तिनं घाबरून काढला. पण तोवर दुसऱ्यांनी उचलून आपापल्या नावानं टाकला होता. मग ती रोज शोधायची. जिथं सापडेल तिथं काढा म्हणून विनवायची, तक्रार करायची. लोक तिलाच शिव्या द्यायचे. एक काढला की दुसरीकडं दोन निघायचे. प्रणिता शाळेत यायची बंद झाली होती.

"पप्पांच्या मोबाइलवर यायच्या आत काढायचा होता," ती म्हणाली. "तुला कळायच्या आत."

मी मोबाइल तिच्याकडून घेतला आणि खाली लिहिलेलं वाचायला लागले. मंदा म्हणाली, नका वाचू. मी अक्षराला अक्षर लावत वाचलं. पहिलं मला कळायलाच वेळ लागला, म्हातारी कधी मरणार असं होतं. त्याचं काही वाटलं नाही, तोंडावर म्हणणारेही आहेत. दुसरं शालनबद्दल होतं. ते मी इथं लिहीत नाही. तिसऱ्याला माझ्यानं पुढं वाचवेना. पोरगी अशी हजारो वाचून बसली होती. दोन महिने.

"लाव ते," मी म्हणलं. "माझं तोंड त्यात दाखव. मी बोलते या लोकांशी."

"नको, आक्का. तू बोललीस की त्याचाच नवा होतो."

मंदा काचा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलायचंच असलं तर कुंभारवाडा दहा मिनिटांवर आहे."

सुनेनं मला सुनावलेलं हे पहिलंच. मी चपला घातल्या.

शालन ओट्यावर धुणं वाळत घालत होती. मला बघून तिनं चादर झटकली आणि दोरीवर टाकली, म्हणजे आमच्यात चादर आली. मी म्हणलं, "शालन, मी वंगाळ बोलले. माझी चूक झाली." एवढं म्हणायला मला अडुसष्ट वर्षं लागली होती. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर असू द्या आक्का म्हणेल.

ती चादरीमागून म्हणाली, "दुकानात बोललात तोवर मी गिळलं होतं. तुमच्याकडं येणारी प्रत्येक बाई गिळते. तुम्हाला वाटतं त्या हसतात."

मग तिनं चादर बाजूला केली. "पोरगी आत आहे. तिला सांगा."

दाराला पडदा होता. मी पडद्याला सांगितलं. माझं नाव घेऊन, काय बोलले ते पुन्हा उच्चारून, ती चूक माझी, तुझ्या आईची नाही, केतकीची नाही. जरा वेळानं शालन म्हणाली, आता जा. मी आले.

दुसऱ्या दिवशी मी आणि मंदा केतकीला घेऊन शाळेत गेलो. टिळेकर मॅडम एका खोलीत बसायच्या. मी दारातच सांगितलं, "तो कागद मी भरवून घेतला होता. नवा द्या." त्यांनी कोरा कागद काढला. केतकीला आत घेतलं. मी मागून पाऊल टाकलं, तशी केतकी वळली आणि म्हणाली, "आक्का, तू बाहेर."

बाहेर बाकावर सरिता बसली होती, पोतदारांची. तिची लेक आत दुसऱ्या बाईंशी बोलत होती. दर गुरुवारी यायच्या म्हणे. सरितानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आक्का, तुम्ही इथं? तुमच्या पोरीला तर शून्य होतं ना?"

ओठावर आलं होतं काहीतरी. तिला घरी पाठवेल असं. मी म्हणलं, "ते शून्य माझं होतं गं. तिचं आज मोजतायत."

सरिता थोडी सरकली. पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा. वेळ लागतो," म्हणाली.

वेळ लागला. तास उलटून गेला. शाळेत प्रार्थना झाली, सुट्टी झाली, पोरी आमच्या अंगावरून पळाल्या. मंदा दोनदा उठून दाराजवळ जाऊन आली. मी बसून राहिले. आत काय चाललंय ते विचारायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी विचारायची नाही, असं ठरवून बसले होते. ते फार जड गेलं.

सात वर्षं झाली त्याला. सगळं एका दिवसात सुटलं नाही. केतकी त्या खोलीत वर्षभर जात होती. प्रणिता महिन्यानं शाळेत आली. केतकीशी बोलायला तिला दहावी संपावी लागली. शालन माझ्याकडं पुन्हा बांगड्या भरायला आली नाही. तो व्हिडिओ अजून कुठं कुठं आहे. मागच्या दिवाळीत जावयाच्या भाच्यानं मलाच दाखवला, बघा आजी, तुमच्यासारखीच दिसते म्हणून. मी म्हणलं, मीच आहे. तो घाईनं मोबाइल खिशात घालायला लागला. म्हणलं, राहू दे, बघ, आणि ती समोरची बाई बघ.

त्या दिवशी शाळेतलं ते दार उघडलं तेव्हा केतकीचे डोळे लाल होते आणि चेहरा धुतल्यासारखा. मॅडमनी मंदाला आत बोलावलं. मी आणि केतकी बाकावर राहिलो. नऊ प्रश्न. पोरगी खरं लिहिणारी, म्हणजे आठ तरी असतील. सात? मी तोंड उघडलं. ती माझ्याकडं बघत होती, आता मी काय म्हणते म्हणून.

मी म्हणलं, "भूक लागली असंल."

"हो," ती म्हणाली.

बाकीचे हो किती, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.